फ्लॉपीतला हात

जयसिंगपूरहून पुण्याला न्यायच्या सामानात वैजयंतीबाईंनी सगळ्यात आधी काय भरलं असेल, तर तो स्टीलचा चौकोनी डबा. डब्यात साठ फ्लॉप्या, दमट हवा लागू नये म्हणून तांदळाची पुरचुंडी आणि वरून जुन्या साडीची घडी. औषधं, कपडे, दिगंबररावांची काठी, हे सगळं त्यानंतर.

फ्लॉपी म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. तळहातापेक्षा जरा मोठं काळं पाकीट, आत पापडासारखी पातळ चकती आणि त्या चकतीवर चुंबकानं उमटवलेलं लिखाण. हल्लीच्या एका साध्या फोटोलाही ती जागा पुरायची नाही. पण अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी, १९९० साली, चौगुले सरांनी सहाव्या गल्लीत घराच्या खालच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास काढला तेव्हा त्या साठ फ्लॉप्यांत अख्खा क्लास मावला होता. धडे, सर्टिफिकिटं, मुलांची यादी आणि खेळ. खेळच जास्त.

दिगंबर चौगुले आता शहात्तर वर्षांचे होते. चौदा महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पाय सावरले, बोलणं सावकाश झालं तरी त्यातली धार गेली नाही. उजवा हात मात्र विचित्र झाला. त्याला ताकद होती, वेळ कळत नव्हती. कपाकडे हात निघाला की बोटं वाटेतच मिटायची आणि कपापाशी पोचल्यावर उघडायची. पन्नाशीपासून दोन्ही हातांना कंप होताच, त्यामुळे डाव्या हातात चमचा धरला की निम्मा वाटेत सांडायचा. राहता राहिलं बायकोनं भरवणं. ते त्यांच्या घशाखाली उतरत नसे. दोन घास झाले की तोंड फिरवून म्हणायचे, भूक नाही. चौदा महिन्यांत अकरा किलो वजन उतरलं होतं. स्थानिक डॉक्टरांनी वैजयंतीबाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं की पक्षाघातातून माणूस वाचलाय, पण असं चाललं तर उपासानं जाईल.

म्हणून पुणे. तिथल्या एका संशोधन संस्थेत डॉक्टर सानिका मगदूम होत्या, वय तीस, मूळच्या नांदणीच्या. जयसिंगपूर म्हटल्यावर त्यांनी पहिल्या भेटीतच यांना काका-काकू करून टाकलं.

त्यांनी समजावलं ते असं. हात हलवायचा म्हणजे मेंदूला दोन गोष्टी ठरवाव्या लागतात, काय करायचं आणि कधी करायचं. काकांच्या मेंदूतला 'कधी' सांगणारा कोपरा मेलाय. तिथं पोस्टाच्या तिकिटाएवढी एक पट्टी बसवता येते, तिला संस्थेत सगळे लयपट्टी म्हणत. ती 'कधी' सांगते. पण प्रत्येकाचं 'कधी' वेगळं असतं. बोट किती वेळ दाबून धरायचं, दोन हालचालींच्या मध्ये किती थांबायचं, चूक झाली तर पुढं काय, ही माणसाची सही असते, आणि मेंदूला दुसऱ्याची सही चटकन पटत नाही. म्हणून पट्टीला आधी त्या माणसाचा हात शिकवावा लागतो. तरुण रुग्णांचं सोपं असतं, त्यांच्या घड्याळांनी आणि फोनांनी जन्मभर नोंदी ठेवलेल्या असतात. काकांच्या नोंदी आहेत त्या सगळ्या कंप सुरू झाल्यानंतरच्या. कंप शिकवून काय उपयोग? त्याआधीचं काही आहे का?

वैजयंतीबाईंना डबा आठवला तो तेव्हा.

क्लासमध्ये एक खेळ होता. खेळांबरोबर पुस्तकं येत नसत. कुणाच्या तरी मेहुण्यानं मुंबईहून फ्लॉपीवर उतरवून आणलेलं असायचं, त्यामुळे नावं मुलंच ठेवत. विटा फोडायचा तो 'वीटफोड', तळघरातून पळायचं तो 'पळपुट्या', आणि गुहा खणत हिरे गोळा करायचे, वरून दगड कोसळतात, तो 'हिरेचोर'. या हिरेचोराची खुबी अशी की झालेला डाव तो जशाच्या तसा पुन्हा दाखवायचा. त्यासाठी कोणतं बटण कधी दाबलं आणि कधी सोडलं, हे तो फ्लॉपीवर लिहून ठेवी. त्या कॉम्प्युटरचं आतलं घड्याळ सेकंदाला अठराच ठोके टाकायचं, म्हणजे नोंद तशी जाडीभरडीच. पण डॉक्टर सानिका म्हणाल्या, एका पावलाच्या ठशावरून चाल कळत नाही, दहा हजार ठशांवरून कळते. दहा हजार दाबणी मिळाली तर बघू.

डबा संस्थेत ठेवून दोघं तिथल्याच पाहुण्यांच्या खोल्यांत उतरली. आठव्या दिवशी डॉक्टरांचा निरोप आला. फ्लॉप्यांवरची बुरशी पुसून निघाली होती, त्रेचाळीस वाचता आल्या होत्या, आणि काकांचा हात सापडला होता.

प्रयोगशाळेत पडद्यावर हिरेचोर सुरू होता. तीच तपकिरी गुहा, तोच टोपीवाला ठेंगू माणूस. वैजयंतीबाईंच्या नाकाला एकदम क्लासचा वास आला, एसीचा, कॉम्प्युटरवरच्या कापडी झाकणाचा आणि दाराबाहेर ओळीनं काढलेल्या पावसाळी चपलांचा. डॉक्टर सांगत होत्या की ही गुहा नवीन आहे, आम्हीच बनवलीय, काकांनी कधी पाहिलेली नाही. खेळतोय तो फ्लॉप्यांतून शिकलेला हात. चाळीस हजार दाबणी मिळाली. इतका स्वच्छ, इतका एकसारखा हात सहा वर्षांत पाहिला नव्हता. मध्ये मध्ये दुसऱ्याच कुणाची तरी घाईगर्दीची दाबणी आहेत, विद्यार्थी असतील, ती गाळून टाकली.

ठेंगू माणूस पहिल्या दगडाखाली आला आणि थांबला. दोन मोजले. दगड पडला, मग तो पुढं गेला. वरचे हिरे सोडून आधी तळातले घेतले. दाराशी पोचल्यावर, काही गरज नसताना, एक पाऊल डावीकडे टाकून परत आला.

वैजयंतीबाई खुर्चीत पुढं सरकल्या. दाराशी ते एक पाऊल त्या टाकत. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. देवळातून निघताना उंबऱ्याला हात लावावा तसं.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. दिगंबरराव पडद्याकडेच बघत होते, आणि इतक्या एकाग्रतेनं, की ते बायकोकडे बघायचं टाळताहेत हे कळत होतं.

क्लास काढला त्या वर्षी वैजयंतीबाई पंचवीस वर्षांच्या होत्या, लग्नाला दीड वर्ष. दुपारी एक ते तीन क्लास बंद असे. सर जेवून आडवे व्हायचे, सासूबाई वर डाळ-तांदूळ निवडायच्या, आणि सून सर्टिफिकिटं टाइप करायला खाली जायची. सर्टिफिकिटं अर्ध्या तासात व्हायची. उरलेला दीड तास हिरेचोर. डाव संपला की यादीत घालायला खेळ तीन अक्षरं विचारायचा. आधीची अक्षरं तिथं असायचीच, डी-आय-जी, सरांची. पहिल्या दिवशी वरून सासूबाईंची हाक आली म्हणून तिनं घाईत एंटर दाबलं. नंतर तेच बरं वाटलं. सून दुपारी गेम खेळत बसते, हे गल्लीत कशाला व्हायला हवं? थोड्याच दिवसांत यादीत वरपासून खालपर्यंत डी-आय-जी झालं आणि क्लासची पोरं सरांकडे देवासारखी बघू लागली. सरांनी बायकोला कधी विचारलं नाही, बायकोनं कधी सांगितलं नाही. पुढं क्लास वाढला, मग बंद झाला, सासूबाई गेल्या, संसार झाला. डबा मात्र वैजयंतीबाईंनी तीन वेळा रंगकाम झालं तरी टाकू दिला नाही.

त्या संध्याकाळी खोलीवर त्यांनी उपम्याची बशी समोर घेतली. दिगंबररावांनी दोन चमचे खाल्ले आणि तोंड फिरवलं.

"तुम्ही ओळखलंत," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"पहिल्या दगडालाच." दिगंबरराव म्हणाले, "मी दगडाखाली कधी थांबलो नाही, वैजू. मेलो कितीदा, पण थांबलो नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"पोरं म्हणाली, सर, चौऱ्याऐंशी हजार! मी नुसता हसलो. हसलो म्हणजे हो झालं. म्हटलं, उद्या सांगू. तर दुसऱ्या दिवशी तू लाखावर नेलंस. मग काय सांगणार, बायको सरापेक्षा हुशार आहे म्हणून? तीस पोरांची फी भरलेली होती."

त्यांना हसू आलं, पण ते हसण्यासारखं दिसलं नाही. मग खिडकीकडे बघत, प्रत्येक शब्द जुळवून जुळवून ते म्हणाले की डॉक्टरीणबाईंना खरं सांगू, आणि तरी तुझाच हात घालायला सांगू. माझ्या हातानं जन्मभर काय केलं? कपबशा फोडल्या, स्क्रू हरवले. तुझा हात बरा.

वैजयंतीबाईंनी बशी उचलली. वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर त्यांच्या आत कुठंतरी गुदगुल्या होत होत्या. सहा वर्षांत पाहिला नाही असा हात. हे वाक्य त्यांच्याबद्दल होतं. जन्मात पहिल्यांदा कुणी तरी, तेही एका डॉक्टरनं आणि यंत्रानं, त्यांचा हात पाहून असं म्हटलं होतं.

"एकदा दिला तो न विचारता गेला," त्या म्हणाल्या. "आता देईन तो माझ्या नावानं."

सकाळी त्यांनी डॉक्टर सानिकांना सगळं सांगितलं. डॉक्टर आधी गोंधळल्या, मग खुर्चीत मागे टेकून मनापासून हसल्या, मग गंभीर झाल्या. दुसऱ्याचा हात बसवायला नियमाची आडकाठी नव्हती, मात्र देणाऱ्याची सही लागे. मेंदूला तो पटायला चार-सहा महिने जास्त जातील, पण हात इतका चांगला आहे की थांबायला हरकत नाही. एक मात्र लक्षात ठेवा, त्या म्हणाल्या. या वयात पट्टी एकदाच शिकते. मेंदू तिच्याभोवती एकदा वळला की बदलता येत नाही.

"आणि यांचा स्वतःचा?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, आधी विद्यार्थ्यांची समजून गाळलेल्यांतून काकांची म्हणून जी घाईची दाबणी निघतात ती जेमतेम चार हजार. आणि रविवारच्या तारखांचे खूप डाव आहेत, पण त्यांत दोन लयी एकमेकींत अशा गुंतल्यात की संगणकानं ते कचऱ्यात टाकले. एका माणसाचे असे दोन स्वभाव असत नाहीत.

वैजयंतीबाई आणि दिगंबरराव, दोघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं.

"एक माणूस कुठलं," दिगंबरराव म्हणाले.

एका कीबोर्डवर एकच माणूस बसतो, असं ते यंत्र बनवणाऱ्यांनी धरलं होतं. त्यांनी कुठं पाहिले होते ते दिवस, जेव्हा गावात तीन कॉम्प्युटर आणि खेळणारे तीस. एका खुर्चीवर दोघं अर्धे अर्धे बसायचे, एकानं बाण सांभाळायचे, दुसऱ्यानं स्पेसबार. एक पळणार, दुसरा खणणार. रविवारी क्लासला सुट्टी आणि सासूबाई बस्तीत दर्शनाला गेलेल्या, तेव्हा ही दोघं तशीच बसत. बाण नेहमी सरांचे. काकूंनी सांगितलेलं डॉक्टरांना क्षणभर कळेना. कळल्यावर त्यांनी तिथल्या तिथं रविवारचे डाव बटणांप्रमाणे वेगळे करून दिले. गुंता सुटला. बाणांची सात हजार दाबणी निघाली, आधीची चार, मिळून अकरा.

पुरतात, डॉक्टर म्हणाल्या. पण जेमतेम. आणि हात आहे तो... त्यांनी शब्द शोधला आणि दिगंबररावांकडे बघून म्हणाल्या, उतावळा आहे. काकूंचाच घ्यावा असं माझं मत. "एवढ्या चाळीस हजारांत एक मोठी चूक नाही, काकू. याला हात म्हणतात."

कागद पुढं आला. दिगंबररावांनी मान हलवली. वैजयंतीबाईंनी पेन घेतलं, चष्मा सारखा केला, आपलं नाव लिहायची जागा बोटानं शोधली.

एक मोठी चूक नाही.

चाळीस हजारांत एक नाही हे कसं होईल? त्या दुपारांत किती वेळा दगड डोक्यात पडला होता. हाताशी आलेला हिरा किती वेळा गेला होता. डाव संपला की खेळ विचारायचा, ठेवू की पुसू? सर न वाचताच एंटर दाबत, त्यामुळे त्यांचं सगळं राहायचं, फजितीसकट. त्या मात्र वाचत. डाव मनासारखा झाला तरच ठेवत. फ्लॉपीवर चुकीची एक ओळ राहिलेली त्यांना खपत नसे. एवढंच नाही, डावात पहिली चूक झाली की त्या पुढं खेळतच नसत. एस्केप दाबून पुन्हा पहिल्यापासून.

हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारणारंही कुणी नव्हतं. सही केली असती तर तो हात, तो कौतुकाचा हात, कायमचा त्यांच्या नावावर लागला असता. पेन कागदावर टेकलेलं होतं, शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत होता.

त्यांनी पेन उचललं.

"सानिका, तुमच्याकडं आहे तो माझा अर्धाच हात आहे," त्या म्हणाल्या. "चुकलेला अर्धा मी पुसून टाकत होते."

त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी यांत्रिक हात लावलेल्या टेबलाकडे दोघांना नेलं, त्याला काकूंचा हात शिकवला आणि पाण्याचा पेला ठेवला. यांत्रिक हात निघाला, पेल्यापाशी दोन मोजून थांबला, अलगद उचलला, एक थेंब न सांडता तोंडाच्या उंचीवर आणला. बघत राहावं असं होतं ते. मग डॉक्टरांनी पुन्हा पेला ठेवला, आणि या वेळी हात वर येत असताना त्याला मुद्दाम कोपरखळी मारली. पाणी हिंदकळलं. हात थांबला. आणि थांबूनच राहिला. अर्धं मिनिट, एक मिनिट. पेला हवेत, पाणी टेबलावर ठिबकतंय. चुकीनंतर पुढं काय, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

डॉक्टरांनी तो बंद केला. पक्षाघाताचा हात दिवसातून शंभरदा चुकणार, त्या हळू आवाजात म्हणाल्या. हा प्रयोग मी आधीच करायला हवा होता.

मग दिगंबररावांचा हात लावला. तो न थांबता सुटला, पेल्यावर आपटला, पाणी उडालं, आणि उडालेलं पाणी खाली पडायच्या आत त्यानं पेला पुन्हा धरलेला होता. वाटेत कोपरखळी बसली, परत हिंदकळला, तसाच पुढं गेला. तोंडाच्या उंचीवर पोचला तेव्हा पेल्यात निम्मं पाणी होतं. पण पोचला.

"हाच घाला," दिगंबरराव म्हणाले. "याला पडझडीची सवय आहे."

वैजयंतीबाईंनी सही न केलेला कागद घडी करून डॉक्टरांना परत दिला. त्यांना वाटलं होतं, जड जाईल. गेलंच जरा. खोलीवर परतताना त्या चार पावलं मागं राहून चालल्या, आणि नवऱ्यानं काठीवर थांबून विचारलं, काय झालं, तेव्हा म्हणाल्या की चप्पल चावतेय.

शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात झाली. मग सात आठवडे सराव. तो बघवत नसे. पेन पडायचं, गुंडी निसटायची, दारावरची कडी हाताला लागायच्या आधीच हात मागे यायचा. वैजयंतीबाई बाहेरच्या बाकावर बसून राहत आणि आतून भांडं पडल्याचा आवाज आला की डोळे मिटत. एकदा डॉक्टर सानिका शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, काकू, तुम्ही आत या, बघा, पडल्यानंतर बघा. पडतं त्याच्याकडं नका बघू.

श्रावण सरता सरता दोघं जयसिंगपूरला परतली. पहिल्या दिवशी वैजयंतीबाईंनी ज्वारीची भाकरी, घेवड्याची भाजी आणि आमटी केली. ताट वाढलं, नेहमीच्या सवयीनं त्यांच्या उजव्या बाजूला पाट ओढून बसल्या, भरवायला.

दिगंबररावांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. हात ताटाकडे सुटला. भाकरीचा तुकडा मोडला तो वेडावाकडा, पोळपाटाएवढा. त्यावर भाजी घेतली, निम्मी ताटाबाहेर. घास तोंडाशी पोचायच्या आत वाटीला धक्का लागला, आमटी ताटभर झाली, शर्टावर ओघळ आला. वैजयंतीबाईंचा हात आपोआप फडक्याकडे गेला. शर्ट पुसावा, ताट बदलावं, नवं वाढावं, पहिल्यापासून.

त्यांनी तो हात मांडीवर आणून ठेवला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

दिगंबरराव खात होते. सांडलेल्या आमटीतच पुढचा तुकडा बुडवून खात होते, घाईघाईनं, शर्टाकडे न बघता, शाळेतून आलेल्या पोरासारखे. एक भाकरी संपली, दुसरी निम्मी झाली. दीड वर्षात त्यांना असं खाताना कुणी पाहिलं नव्हतं.

"आमटी आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

"आहे की," वैजयंतीबाई म्हणाल्या. त्यांनी ती वाढली नाही. पातेलं डावासकट त्यांच्यापुढे सरकवलं.